कोणाच्या तुलनेत किती? : मॉसफेटच्या अभ्यासाची प्रस्तावना

‘गेटला पाच व्होल्ट दिले’ असे आपण प्रयोगशाळेत सहज म्हणून जातो. ऐकणाऱ्यालाही ते पुरेसे वाटते, पण वाक्य अर्धेच झालेले असते. पाच व्होल्ट कशाच्या तुलनेत? सर्किटच्या ग्राउंडच्या तुलनेत गेट पाच व्होल्टवर असेल, आणि त्याच क्षणी सोर्स तीन व्होल्टवर असेल, तर मॉसफेट या ट्रान्झिस्टरच्या लेखी ते दोनच व्होल्ट आहेत. सोर्स बारा व्होल्टवर असेल तर ते उणे सात आहेत. ग्राउंड ही आपण आकृती काढताना आणि मोजमाप करताना सोयीसाठी ठरवलेली जागा आहे. ट्रान्झिस्टरला तिची काहीच माहिती नसते. त्याला कळतो तो आपल्या गेट आणि सोर्स या दोन टोकांमधला फरक. या फरकाला इंग्रजी आद्याक्षरांवरून व्हीजीएस म्हणतात. या पुस्तकातले प्रत्येक प्रकरण कुठून ना कुठून याच राशीपाशी येऊन पोहोचते, म्हणून वाचकाची तिच्याशी ओळख पहिल्याच पानावर व्हावी अशी माझी इच्छा आहे.

हे लिखाण ज्यांच्यासाठी आहे त्यांत डिप्लोमाचे आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी आहेत. इन्व्हर्टर आणि ई-रिक्षाचे कंट्रोलर दुरुस्त करणारे कारागीर आहेत. पुण्याच्या बुधवार पेठेतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरी काहीतरी उभे करू पाहणारे हौशी लोकही आहेत. या सर्वांकडून पूर्वतयारी म्हणून दोनच गोष्टींची अपेक्षा आहे. ओमचा नियम हाताशी असावा, आणि कपॅसिटर प्रभार साठवतो एवढे माहीत असावे. क्वांटम भौतिकी आले नाही तर हा विषय झेपणार नाही, ही भीती मनातून काढून टाकावी. लागेल तेवढे भौतिकशास्त्र लागेल तिथे येईल.

व्हीजीएसची संकल्पना अवघड नाही, तरी ती इतक्या जणांच्या हातून निसटते, याचे एक कारण मला आपल्या पाठ्यपुस्तकांच्या आकृत्यांत दिसते. त्या बहुतेक आकृत्यांत सोर्स थेट ग्राउंडला जोडलेला असतो. तिथे गेटचे व्होल्टेज आणि गेट-सोर्स व्होल्टेज यांचा आकडा एकच येतो. विद्यार्थी महिनोन्महिने याच जोडणीची गणिते सोडवतो आणि ‘सोर्स’ हा शब्द त्याच्या विचारातून हळूहळू गळून जातो. पुढे कधीतरी सोर्स ग्राउंडपासून सुटलेले सर्किट समोर येते आणि सगळे शिकलेले चुकले की काय असे वाटू लागते. चुकलेले काही नसते. एक पद कायम शून्य राहिल्यामुळे आपण ते लिहायचे सोडून दिलेले असते, एवढेच.

आता सोर्सच का, हे पाहू. फरक मोजायचाच तर तो ड्रेनपासून का मोजत नाहीत?

एन-चॅनेल मॉसफेटमध्ये पी-प्रकारच्या सिलिकॉनमध्ये दोन एन-प्रकारचे भाग असतात : एक सोर्स, दुसरा ड्रेन. दोहोंत मुक्त इलेक्ट्रॉन भरपूर असतात, पण मधला पट्टा पी-प्रकारचा असल्याने इलेक्ट्रॉनांच्या वाटेत ऊर्जेचा एक अडथळा उभा असतो. या पट्ट्यावर सिलिकॉन डायऑक्साइडचा पातळ थर आणि त्यावर गेट. हा थर विद्युतरोधक असल्याने गेटमधून आत प्रवाह जात नाही, फक्त विद्युतक्षेत्र जाते. गेट धन केले की ते क्षेत्र मधला अडथळा खाली दाबते आणि इलेक्ट्रॉनांना सोर्सपासून ड्रेनपर्यंत वाट मिळते. या वाटेला चॅनेल म्हणतात. सोर्स हा इलेक्ट्रॉनांचा जलाशय समजा आणि अडथळा म्हणजे धरणाचा सांडवा. गेट सांडव्याची उंची खालीवर करते. पाणी सांडेल की नाही, हे सांडव्याच्या उंचीवरून एकट्याने कधीच ठरत नाही. ते ठरते सांडव्याचा माथा आणि जलाशयाची पातळी यांच्यातल्या फरकावर. इलेक्ट्रॉन ऋण असल्यामुळे सोर्सचे व्होल्टेज वाढले की त्यातल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा कमी होते, म्हणजे जलाशयाची पातळी उतरते. मग सांडवा आहे तिथेच ठेवला तरी पाणी थांबते. ड्रेन ही सांडव्यापलीकडची दरी आहे. दरी पुरेशी खोल असली की ती आणखी किती खोल आहे याने सांडणाऱ्या पाण्यात फारसा फरक पडत नाही. मॉसफेट संपृक्त अवस्थेत असताना ड्रेनचे व्होल्टेज वाढवूनही प्रवाह जवळपास तेवढाच राहतो, त्याचे मूळ इथे आहे. फरक सोर्सपासून मोजायचा, कारण इलेक्ट्रॉन निघतात तिथून आणि अडथळा त्यांना ओलांडायचा आहे तिथून.

या चित्रात एक गोष्ट मात्र भरायची राहते. जलाशयातले सगळे इलेक्ट्रॉन एकाच ऊर्जेचे नसतात. उष्णतेमुळे त्यांच्यात काही थोडे बरेच वरच्या ऊर्जेचे असतात, आणि अडथळा उंच असतानाही त्यातले काही पलीकडे जातातच. त्यामुळे मॉसफेट पूर्ण बंद असा कधी होत नाही. गेट-सोर्स व्होल्टेज कमी करत नेले की प्रवाह घातांकी रीतीने घटतो. खोलीच्या तापमानाला, अगदी आदर्श ट्रान्झिस्टरमध्येही, तो दहापट कमी करायला सुमारे ६० मिलिव्होल्ट लागतात. हा आकडा कारखान्याच्या कौशल्यावर अवलंबून नाही. तो तापमान आणि इलेक्ट्रॉनचा प्रभार यांतून येतो. हिशेब करून पाहा : थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या गेट-सोर्स व्होल्टेजला ट्रान्झिस्टर चालू होऊ लागतो ते व्होल्टेज, ०.३ व्होल्टवर असेल आणि गेट-सोर्स शून्यावर आणले, तर साठ-साठच्या पाच पायऱ्या उतरल्या, म्हणजे प्रवाह फार तर एक लाखपट घटला. एका ट्रान्झिस्टरसाठी लाखपट खूप झाले. अब्जावधी ट्रान्झिस्टर असलेल्या चिपमध्ये तेवढी गळती बॅटरी रिकामी करते. म्हणून थ्रेशोल्ड मनाला येईल तेवढा खाली आणता येत नाही, आणि म्हणूनच चिपचे पुरवठा व्होल्टेज ५ व्होल्टवरून उतरत उतरत १ व्होल्टच्या आसपास आल्यावर त्याची घसरण मंदावली. ट्रान्झिस्टर लहान होत गेले, पण व्होल्टेज त्यांच्या बरोबरीने उतरू शकले नाही. आजच्या संगणकांच्या तापण्यामागे हे एक मोठे कारण आहे.

थ्रेशोल्ड व्होल्टेजविषयी थोडे सावकाश बोलायला हवे, कारण सर्वांत जास्त ट्रान्झिस्टर याच एका शब्दाच्या गैरसमजाने तापतात. एखाद्या पॉवर मॉसफेटची डेटाशीट उघडा. आयआरएफझेड४४एन घेऊ, तो आपल्याकडे कुठेही मिळतो. त्यात थ्रेशोल्ड २ ते ४ व्होल्ट असे दिलेले असते. ते वाचून वाटते की चार व्होल्टच्या वर काहीही दिले की काम झाले, आणि आर्डुइनोची पिन तर पाच व्होल्ट देते. पण त्याच ओळीत शेजारी मोजमापाची अट छापलेली असते : ड्रेन प्रवाह २५० मायक्रोअँपिअर. म्हणजे हा भाग ज्या गेट-सोर्स व्होल्टेजवर पाव मिलिअँपिअर प्रवाह सोडू लागतो, ते हे व्होल्टेज. ४९ अँपिअर वाहू शकणाऱ्या भागाच्या दृष्टीने ही नुसती हालचाल आहे. १७.५ मिलिओहमचा जो कमी रोध पाहून आपण तो भाग विकत घेतला, तो १० व्होल्ट गेट-सोर्सला मोजलेला आहे, आणि तेही तिथे लिहिलेले असते.

शिवाय २ ते ४ ही रुंद पट्टी आहे, आणि तिच्यात प्रत्येक नगाची जागा वेगळी असते. एकाच पाकिटातला एक नग २.२ व्होल्टला जागा होईल, दुसरा ३.७ ला. ३.३ व्होल्ट देणाऱ्या ईएसपी३२ च्या पिनला पहिला जोडला तर एलईडीची पट्टी उजळेल आणि सर्किट बरोबर आहे असे वाटेल. दुसरा जोडला तर ती लागणारच नाही. मधला एखादा अर्धवट उघडेल, आणि अर्धवट उघडलेला ट्रान्झिस्टर हा सर्वांत धोक्याचा, कारण त्याच्या दोन टोकांवर व्होल्टेजही असते आणि त्याच्यातून प्रवाहही वाहतो. दोहोंचा गुणाकार म्हणजे उष्णता. अशा ठिकाणी आयआरएलझेड४४एनसारखा लॉजिक-लेव्हल भाग घ्यायचा असतो. त्याचा थ्रेशोल्ड १ ते २ व्होल्ट आहे, आणि रोधाचा आकडा ५ व्होल्टलाही दिलेला आहे : २५ मिलिओहम.

थ्रेशोल्डच्या वर किती चढलो, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. साध्या प्रतिमानात संपृक्त प्रवाह या चढाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. थ्रेशोल्ड २ व्होल्ट असेल तर ३ व्होल्टला जेवढा प्रवाह, त्याच्या चौपट ४ व्होल्टला आणि नऊपट ५ व्होल्टला. अगदी लहान चॅनेलमध्ये हा वर्गाचा नियम ढिला पडतो. तरी सुरुवातीला हातात धरून चालावे असा नियम हाच.

या विषयाचा इतिहास मी मुद्दाम विस्ताराने दिला आहे. पाठ्यपुस्तकांत तो दोन ओळींत संपतो, आणि व्हीजीएस म्हणजे काय हे मला तरी त्या इतिहासातूनच सर्वांत स्पष्ट दिसते. गेटवर व्होल्टेज देऊन अर्धवाहकातला प्रवाह नियंत्रित करावा ही कल्पना ट्रान्झिस्टरच्या शोधापेक्षा जुनी आहे. लेम्बर्गमध्ये, म्हणजे आजच्या युक्रेनमधल्या ल्विव्हमध्ये जन्मलेल्या ज्युलियस लिलिएनफेल्ड यांनी १९२५ साली कॅनडात तिच्या पेटंटचा अर्ज केला. अमेरिकेतले पेटंट १९३० साली मंजूर झाले. कागदावरची कल्पना आजच्या मॉसफेटशी नाते सांगणारी होती. ती चालेल असा स्वच्छ अर्धवाहक मात्र त्या काळात नव्हता.

१९४५ साली बेल लॅब्जमध्ये विल्यम शॉक्ली यांनी हाच प्रयत्न नव्याने केला. त्यांच्या गणिताप्रमाणे परिणाम सहज दिसायला हवा होता, पण तो जवळपास दिसलाच नाही. जॉन बार्डीन यांनी याचे जे उत्तर शोधले ते आजही प्रत्येक उपकरण-अभियंत्याने समजून घ्यावे असे आहे. सिलिकॉन जिथे संपते त्या पृष्ठभागावर अणूंचे काही बंध अपुरे राहतात आणि तिथे इलेक्ट्रॉन अडकण्याच्या जागा तयार होतात. गेटचे विद्युतक्षेत्र इलेक्ट्रॉन ओढून आणत होते, पण ते या जागांत अडकून बसत होते. ते मोकळे नव्हते, त्यामुळे प्रवाहात त्यांचा उपयोग शून्य. शिवाय त्यांच्या प्रभारामुळे क्षेत्र आत पोहोचतच नव्हते. बाहेर व्होल्टेज लावलेले होते आणि आत त्याची जाणीव नव्हती. या पृष्ठभागाचा अभ्यास करता करता डिसेंबर १९४७ मध्ये बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटेन यांच्या हाती वेगळ्याच तत्त्वावरचा बिंदुस्पर्श ट्रान्झिस्टर लागला. त्यासाठी शॉक्लींसह या तिघांना १९५६ चे नोबेल मिळाले, आणि गेटची मूळ कल्पना १९४७ नंतर आणखी बारा वर्षे मागे राहिली.

ती पुढे आली ती ऑक्साइडमुळे. इजिप्तमध्ये जन्मलेल्या मोहम्मद अटाला यांनी बेल लॅब्जमध्ये दाखवले की सिलिकॉनवर उच्च तापमानाला वाढवलेला ऑक्साइडचा थर त्या अडकण्याच्या जागा मोठ्या प्रमाणात मिटवतो. त्यांनी आणि कोरियातून आलेल्या दावॉन कांग यांनी १९५९-६० मध्ये पहिला चालणारा मॉसफेट तयार केला. सिलिकॉनने जर्मेनियमला मागे टाकले त्याची बरीच कारणे सांगितली जातात. माझ्या मते त्यात सर्वांत वजनदार हे एकच आहे : सिलिकॉनला स्वतःचा इतका चांगला ऑक्साइड आहे.

एवढ्याने प्रश्न सुटला नव्हता. १९६० च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात बनणाऱ्या मॉसफेटचा थ्रेशोल्ड एका जागी राहत नसे. सकाळी एक, आणि गेटवर धन व्होल्टेज ठेवून भाग गरम केला की दुसराच. फेअरचाइल्ड कंपनीतल्या एड स्नो, अँड्र्यू ग्रोव्ह, ब्रूस डील आणि सी. टी. सा या चौघांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात ऑक्साइडमधून सरकणाऱ्या आयनांचा, मुख्यतः सोडियमचा, माग काढला. सोडियम म्हणजे मिठातला, घामातला. गेटचे क्षेत्र हे धन आयन सिलिकॉनच्या दिशेने ढकलत असे. तिथे पोहोचल्यावर तेच गेटचे अर्धे काम करू लागत, आणि बाहेरून कमी व्होल्टेज दिले तरी चॅनेल तयार होई. उपकरणाच्या गणितात चूक नव्हती, भट्टी आणि हात स्वच्छ नव्हते. या शोधानंतर मॉसफेट भरवशाचा झाला. त्यातले ग्रोव्ह पुढे इंटेलचे प्रमुख झाले, आणि १९७१ साली इंटेलने सुमारे २३०० मॉस ट्रान्झिस्टरांचा ४००४ हा प्रोसेसर बाजारात आणला.

सोर्स ग्राउंडपासून सुटला की काय होते, याची दोन उदाहरणे इथेच देतो. पहिले मोटारीचे आहे. १२ व्होल्टच्या मोटारीचे एक टोक ग्राउंडला आहे, दुसरे एन-चॅनेल मॉसफेटच्या सोर्सला, आणि ड्रेन १२ व्होल्टला. गेटलाही १२ व्होल्ट दिले. ट्रान्झिस्टर चालू होऊ लागला की मोटारीवर व्होल्टेज येते, म्हणजे सोर्स वर चढतो. सोर्स चढला की गेट-सोर्स फरक आटतो. थ्रेशोल्ड ३ व्होल्ट असेल तर सोर्स ९ च्या आसपास थांबतो, कारण त्याच्या वर गेला तर ट्रान्झिस्टर बंदच व्हायला लागेल. मोटारीला १२ ऐवजी ९ व्होल्ट मिळतात. उरलेले ३ व्होल्ट ट्रान्झिस्टरवर पडतात. मोटार २ अँपिअर घेत असेल तर ६ वॅट उष्णता, जी हीटसिंक नसलेल्या भागाला बोट लावू देणार नाही. उपाय म्हणजे गेट पुरवठ्याच्याही वर, २२ व्होल्टच्या आसपास न्यायचे. त्यासाठी एका कपॅसिटरचे खालचे टोक सोर्सलाच बांधतात, म्हणजे सोर्स उसळला की कपॅसिटरचे वरचे टोकही तेवढेच उसळते आणि गेट-सोर्स फरक कायम राहतो. याला बूटस्ट्रॅप म्हणतात. आयआर२११० सारख्या ड्रायव्हर आयसी हेच काम करतात, आणि इन्व्हर्टर उघडून बसणाऱ्याला त्या रोज भेटतात.

दुसरे उदाहरण अधिक सुंदर आहे. १९६३ साली फेअरचाइल्डमधल्या फ्रँक वॉनलास आणि सा यांनी एन-चॅनेल आणि पी-चॅनेल मॉसफेटची जोडी मांडली, जिला आपण सीमॉस म्हणतो. दोघांचे गेट एकाच तारेला जोडलेले. एनचा सोर्स ग्राउंडला, पीचा सोर्स पुरवठ्याला, समजा ५ व्होल्टला. तारेवर शून्य व्होल्ट आले, तर एनचे गेट-सोर्स शून्य झाले आणि तो बंद. पीचे मात्र शून्य वजा पाच, म्हणजे उणे पाच, आणि पी-चॅनेल उणे फरकावर चालू होत असल्याने तो पूर्ण चालू. तारेवर पाच आले की पाळी उलटते. तार एक, व्होल्टेज एक, आणि दोन ट्रान्झिस्टर त्याचे दोन वेगळे अर्थ लावतात, कारण दोघांचे सोर्स वेगळ्या ठिकाणी आहेत. स्थिर अवस्थेत दोघांपैकी एक नेहमी बंद असल्यामुळे पुरवठ्यापासून ग्राउंडपर्यंत सलग वाट उरत नाही. आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये याच जोड्या अब्जांच्या संख्येने आहेत.

गेटच्या मर्यादांबद्दल इथे थोडक्यात, सविस्तर पुढे येईल. सिलिकॉन डायऑक्साइड दर नॅनोमीटरला साधारण १ व्होल्ट सहन करून फुटतो, आणि फुटला की परत जुळत नाही. पॉवर मॉसफेटवर गेट-सोर्सची कमाल मर्यादा बहुधा अधिक-उणे २० व्होल्ट लिहिलेली असते. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत आपल्या अंगावर सहज हजारो व्होल्ट साठतात, आणि लहान मॉसफेटच्या गेटची धारिता काही दहा पिकोफॅरड असते. म्हणून भाग हाताळण्यापूर्वी हात ग्राउंडला लावायचा आणि गेट-सोर्समध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर ठेवायचा. हा रेझिस्टर गेट लोंबकळत राहू देत नाही. मोठ्या मॉसफेटच्या बाबतीत आणखी एक हिशेब असतो. गेट १० व्होल्टपर्यंत न्यायला पन्नास-साठ नॅनोकूलॉम प्रभार लागतो, आणि २० मिलिअँपिअर देणाऱ्या पिनला त्यासाठी तीन मायक्रोसेकंद हवेत. सेकंदाला एक लाख वेळा चालू-बंद करायचे असेल तर एक फेरीच दहा मायक्रोसेकंदांची असते. मग स्वतंत्र ड्रायव्हर लागतोच.

सिलिकॉन कार्बाइड आणि गॅलियम नायट्राइड या नव्या पदार्थांनी हा विषय पुन्हा ताजा केला आहे. सिलिकॉन कार्बाइडच्या मॉसफेटला पूर्ण उघडायला १५ ते २० व्होल्ट गेट-सोर्स लागते, आणि ऑक्साइडच्या सीमेवर इलेक्ट्रॉन अडकण्याचा बार्डीन यांचा प्रश्न तिथे नव्याने सोडवावा लागला आहे. गॅलियम नायट्राइडचे अनेक ट्रान्झिस्टर ५ व्होल्टला चालवायचे असतात आणि ६-७ व्होल्टला त्यांची मर्यादा संपते. ज्याला गेट आणि सोर्समधला फरक नेमका राखता येतो, त्यालाच हे भाग वापरता येतात.

पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी एक प्रयोग कराच. सामान थोडे आहे : २एन७००० हा लहान मॉसफेट, ९ व्होल्टची बॅटरी, त्यातून ५ व्होल्ट काढायला ७८०५, एक लाल एलईडी, ४७० ओहमचा रेझिस्टर आणि मल्टिमीटर. आधी सोर्स ग्राउंडला जोडा, एलईडी आणि रेझिस्टर ९ व्होल्ट आणि ड्रेन यांच्या मध्ये ठेवा, गेटला ५ व्होल्ट द्या. एलईडी लख्ख लागेल. आता तोच एलईडी आणि तोच रेझिस्टर सोर्स आणि ग्राउंड यांच्या मध्ये आणा, ड्रेन थेट ९ व्होल्टला जोडा, गेटला तेच ५ व्होल्ट ठेवा. एलईडी मंद होईल. दोन्ही वेळा मल्टिमीटर आधी गेट आणि ग्राउंडमध्ये लावा, मग गेट आणि सोर्समध्ये लावा, आणि चारही आकडे वहीत लिहून ठेवा. दुसऱ्या जोडणीत गेट-सोर्सचा आकडा बहुधा दोन व्होल्टच्या जवळपास येईल. तुमच्या हातातल्या नगाला तो नेमका तेवढाच का आला, याची आकडेमोड पहिल्या प्रकरणाच्या तिसऱ्या पानापासून सुरू होते.